माणूस दवाखान्यात उशिरा का येतो? वैद्यकीय मानवशास्त्राचं काम, सोप्या भाषेत

"एवढे दिवस काय करत होता?"

आजार बळावल्यावर आलेल्या पेशंटला हे हमखास ऐकावं लागतं. विचारणारा उत्तराची वाट बघत नसतो, ते रागावणंच असतं. वैद्यकीय मानवशास्त्र नावाच्या ज्ञानशाखेत काम करणारी माणसं मात्र हाच प्रश्न खरोखर विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत तिथंच राहतात, कधी काही महिने, कधी काही वर्षं. ती पेशंटच्या घरी बसतात. त्याच्याबरोबर एसटीनं दवाखान्यात येतात, केसपेपरच्या रांगेत उभी राहतात. चिठ्ठीवरच्या पाच औषधांपैकी त्यानं दोनच का घेतली, परत जाताना कुणाकडं पैसे उसने मागितले, घरी गेल्यावर सासूनं काय विचारलं, हे सगळं टिपून ठेवतात. डॉक्टरचं लक्ष शरीरात काय बिघडलंय यावर असतं, आरोग्य खात्याचं किती जणांचं बिघडलंय यावर. त्रास सुरू झाल्यापासून औषध पोटात जाईपर्यंत माणूस कोणत्या वाटेनं गेला आणि कुठं अडला, हे बघण्याचं काम या लोकांचं.

कोल्हापुरात याची काय गरज, असं कुणाला वाटेल. जिल्हा सधन आहे. ऊस आहे, दूध आहे, शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी दवाखाने तर चौकाचौकात आहेत. सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, कोकणातून आणि बेळगावकडूनही पेशंट येतात. पण सधन जिल्ह्याच्या सरासरीत बरंच काही झाकून जातं. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या डोंगरातले धनगरवाडे त्यात दिसत नाहीत. दिवाळीच्या आसपास शिवारात उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्या दिसत नाहीत. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करून दिवसा एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे परप्रांतीय कामगार दिसत नाहीत, आणि गडहिंग्लज भागातल्या म्हाताऱ्या देवदासीही नाहीत. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला होता: चांगल्या उपचारांची गरज जिथं जास्त, तिथं ते मिळण्याची शक्यता कमी. त्यांनी तो ब्रिटनबद्दल लिहिला, पण शहरातल्या राजारामपुरीतले दवाखाने मोजून मग डोंगरातल्या दाजीपूरच्या रस्त्याला लागलं की तो इथंही दिसतो.

या अभ्यासाची पद्धत आधी समजून घेऊ, कारण सर्वेक्षणापेक्षा ती बरीच वेगळी आहे. सर्वेक्षणात प्रश्न येतो, "सर्वांत जवळचा दवाखाना किती किलोमीटरवर आहे?" उत्तर येतं, "आठ." मानवशास्त्राचा अभ्यासक त्या घरात चार दिवस राहतो आणि त्याच्या लक्षात येतं की अडचण आठ किलोमीटरची नाहीच. सकाळची एसटी पकडायची तर म्हशीची धार कोण काढणार, ही अडचण आहे. धार चुकली तर डेअरीचं बिल कमी येतं, आणि त्याच बिलातून दुकानदाराची उधारी भागायची असते. हे कुठल्याही छापील फॉर्मात बसत नाही. असं उत्तर माणूस ओळख झाल्यावर देतो, आणि तेही दुसऱ्या कशाबद्दल बोलता बोलता.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात डॉक्टरांसाठी काही साधे प्रश्न सुचवले. ते आज जगभर शिकवले जातात. आपल्याकडच्या बोलीत ते असे होतील: तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? कशानं झालं असेल? तेव्हाच का सुरू झालं? त्यामुळं घरात, कामात काय काय अडलंय? आणि सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? हे विचारायला पाच मिनिटं लागतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर डॉक्टरच्या अंदाजापेक्षा फार वेगळं निघू शकतं. टीबीचं निदान झालेल्या तरण्या सुनेला खोकल्यापेक्षा माहेरी धाडतील याची धास्ती जास्त असू शकते. ही धास्ती माहीत नसलेला डॉक्टर तिला गोळ्यांचं महत्त्व पुन्हा पुन्हा सांगत राहील, आणि ती त्या गोळ्या कुणाला दिसू नयेत म्हणून धान्याच्या डब्यात लपवत राहील.

आता एक प्रसंग कल्पून बघू. जुलै महिना, गगनबावड्याच्या बाजूचा पंधरा घरांचा एक धनगरवाडा, आणि दिवस भरलेली बाई. बाळंतपणात आई दगावते तेव्हा उशीर तीन ठिकाणी होतो, अशी मांडणी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बायकांनी १९९४ साली केली. पहिला उशीर ठरवायला, दुसरा पोचायला, तिसरा पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. आपल्या वाड्यावर रात्री कळा सुरू होतात. सासू म्हणते, "पहाटंपातूर बघूया की." नवरा कामावर, खाली गावात. निर्णय त्या बाईच्या एकटीच्या हातात नाहीच. हा झाला पहिला उशीर. पहाटे चार माणसं तिला झोळीत घालून निघतात. पाऊस कोसळतोय, ओढ्याला पाणी आहे, मोबाइलला रेंज खाली आल्यावर मिळते. १०८ची गाडी डांबरी रस्ता जिथं संपतो तिथवरच येऊ शकते. हा दुसरा. आरोग्य केंद्रात पोचल्यावर कळतं की सिझर करावं लागेल, इथं भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, पुढं कोल्हापूरला न्या. हा तिसरा.

आपण सहसा इथंच थांबतो आणि सासूला दोष देतो. अभ्यासक तिलाच विचारतो की तुम्ही थांबायला का सांगितलं. समजा ती म्हणाली, थोरल्या सुनेच्या वेळी आम्ही लगेच निघालो होतो. खाली पोचल्यावर सांगितलं, अजून वेळ आहे, परत जा. परत कसं जायचं? मग दोन दिवस पाव्हण्यांच्या पडवीत काढले, शेवटी खासगीत नेलं, दोन शेळ्या विकल्या. तिचं थांबणं आता कसं दिसतं? मागच्या वेळी दवाखान्यात झालेला तिसरा उशीर तिनं लक्षात ठेवला होता, आणि त्यातूनच या वेळचा पहिला उशीर झाला. हे तीन उशीर एकमेकांना असे पोसत राहतात. "लवकर या" असं पोस्टरवर लिहून हे सुटणार नाही. खाली, रस्त्याच्या कडेला, दिवस भरत आलेल्या बाईला आणि तिच्या सोबतीणीला आठ-दहा दिवस राहायची सोय केली तर सुटू शकतं.

आरोग्य केंद्रं लोकसंख्येच्या हिशोबानं मंजूर होतात: सपाटीवर ३० हजारांमागं एक, डोंगरी आणि आदिवासी भागात २० हजारांमागं एक. कागदावर तालुक्याचा हिशोब जुळतो. पंधरा घरांचा वाडा मात्र कुठल्याच हिशोबात एकटा उभा राहू शकत नाही, तो नेहमी दुसऱ्या गावाच्या आकड्यात धरलेला असतो. चंदगडच्या टोकाच्या गावांना तर जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बेळगाव कितीतरी जवळ. पेशंट तिकडं जातो, आणि आपल्या जिल्ह्याच्या नोंदीत तो उपचार घेतच नाही असं दिसतं.

या क्षेत्रातल्या ज्या एका अभ्यासानं माझी समजूत मुळापासून बदलली, तो आता जरा सविस्तर सांगतो. पॉल फार्मर (१९५९ ते २०२२) हे डॉक्टरही होते आणि मानवशास्त्रज्ञही. कॅरिबियन समुद्रातल्या हैती या गरीब देशात, कांज नावाच्या वस्तीत त्यांनी काम केलं. तिथले लोक मूळचे नदीकाठचे शेतकरी. वीजनिर्मितीसाठी धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि माणसं वरच्या नापीक डोंगरावर ढकलली गेली. काळम्मावाडी किंवा चांदोलीच्या धरणग्रस्तांशी बोललेल्या कुणालाही हे लगेच कळेल. तिथं टीबी फार होता. औषध फुकट मिळायचं, तरीही बरेच पेशंट अर्ध्यात सोडून द्यायचे. कर्मचाऱ्यांमध्ये दोन तट पडले. काही म्हणत, या लोकांचा करणीवर विश्वास आहे, आजार कुणीतरी केलाय असं वाटतं म्हणून ते औषध घेत नाहीत. काही म्हणत, गरिबी हेच कारण.

फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून बघितलं. ३० पेशंटचा एक गट, ३० पेशंटचा दुसरा. औषध दोन्ही गटांना फुकट. पहिल्या गटाला त्याशिवाय आणखी काही दिलं: गावातलीच प्रशिक्षित व्यक्ती घरी यायची, सुरुवातीचे महिने थोडे रोख पैसे मिळायचे, खाणं मिळायचं, दवाखान्यात यायचं गाडीभाडं मिळायचं. पहिल्या गटातले सगळेच्या सगळे बरे झाले. दुसऱ्या गटात साधारण निम्मेच बरे झाले. आणि करणी? दोन्ही गटांतल्या बहुतेकांनी सांगितलं की हो, करणी असू शकते. पहिल्या गटातल्यांचा विश्वास जिथल्या तिथं होता आणि तरीही त्यांनी औषध वेळेवर घेतलं. पोटात अन्न होतं, यायला भाडं होतं आणि कुणीतरी विचारपूस करत होतं. औषध घेणं आणि न घेणं यातला फरक त्यानंच पडला.

आपल्याकडं "लोक अडाणी आहेत, भगताकडं जातात" हे वाक्य फार लवकर तोंडात येतं. भगताकडं जाणारा माणूस दवाखान्यातही जातो, सोसायटीतून कर्जही काढतो आणि जोतिबाला नवसही बोलतो. त्याच्या लेखी यात विरोध नाही. उपचार थांबतात ते बहुतेकदा पैसे संपल्यावर किंवा मजुरी बुडल्यावर. भारतात २०१८पासून टीबीच्या पेशंटला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. औषधाबरोबर अन्नाचा विचार करायचा हीच त्यामागची जाण आहे. ते पैसे खात्यात कधी जमा होतात, आणि खातंच नसेल तर त्या पेशंटचं काय होतं, हे पुन्हा कुणीतरी वस्तीवर जाऊनच बघावं लागतं.

श्रद्धेला काहीच वजन नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. आपल्या भागात केसांत जट झाली की यल्लम्माचं बोलावणं आलं असं मानतात. मान दुखते, उवा होतात, झोप लागत नाही, तरी बाई जट कापू देत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा बायकांशी पुन्हा पुन्हा जाऊन बोलतात आणि मग जट सोडवतात. त्या बोलण्यात एक गोष्ट उघड होते. उद्या घरात म्हैस जरी मेली तरी "हिनं जट कापली म्हणून" असं म्हणायला सगळी गल्ली तयार असते, आणि बाईला देवीच्या कोपाइतकीच त्या गल्लीची भीती असते. म्हणून नुसतं तिला पटवून भागत नाही, नवऱ्याला आणि शेजारणींनाही त्या बोलण्यात बसवावं लागतं.

आता ऊसतोडीकडं येऊ. गळीत हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडेपर्यंत काम. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाई पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. खोपीला संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही यातलं काही बदलत नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, आणि ती ते अंगावर काढते.

राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली जे प्रसिद्ध केलं, ते आरोग्य क्षेत्रातल्या सगळ्यांना हादरवणारं होतं. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी याआधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बायकांना त्रास कळत होता. तो सांगावा अशी जागा आणि विचारणारं माणूस नव्हतं.

ऊसतोडणीच्या बायकांचं पुढं काय झालं ते २०१९ साली चव्हाट्यावर आलं. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक. त्यात तिशी-पस्तिशीच्या बायकाही होत्या. प्रत्येक ऑपरेशनच्या कागदावर बाईची सही किंवा अंगठा असणार, म्हणजे कागदोपत्री निर्णय तिचाच. पण त्या अंगठ्याच्या मागं काय काय उभं आहे ते बघा. खाड्याची भीती, संडास नसणं, दर महिन्याचा त्रास, "पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल" असं सांगणारा डॉक्टर, आणि ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडूनच घ्यायची उचल. पिशवी काढली की पाळी नाही, पाळी नाही तर खाडा नाही. तिच्यासमोर जे पर्याय होते त्यात तिनं हिशोब करूनच निवड केली होती. पर्यायच एवढे तोकडे कुणी ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

अशा परिस्थितीसाठी नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली संरचनात्मक हिंसा ही कल्पना मांडली, आणि फार्मर यांनी ती आरोग्याच्या अभ्यासात रुजवली. हात उगारणारा कुणी दिसत नाही, पण मजुरीची रीत, जात, बाईपण आणि स्थलांतर यांच्या एकत्र रचनेमुळं ठरावीक माणसांच्याच शरीराला इजा होत राहते. शब्द जड आहे. फडातल्या बाईकडं बघितलं तर तो वाजवीच वाटतो.

दवाखान्यात पोचल्यावर माणसाला कसं वागवलं जातं, हेही या अभ्यासात तितक्याच बारकाईनं बघतात. कोल्हापूरला हे नवं नसावं. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढले, त्यात सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना इतरांसारखंच वागवावं असंही बजावलं होतं. दवाखाना उघडा असला म्हणून तो सगळ्यांसाठी सारखा उघडा असतो असं नाही, हे त्यांना दिसत होतं. आज तसा भेद उघडपणे बोलला जात नाही. पण वस्तीचं नाव ऐकून बदलणारा आवाज, पालात राहणाऱ्या भटक्या कुटुंबाला "आधी रेशनकार्ड आण" म्हणून परत पाठवणं, यल्लम्माला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्याला कुठल्या वॉर्डात ठेवायचं यावर त्याच्यासमोरच चाललेली चर्चा, अशा गोष्टी ज्याला सोसाव्या लागतात तो पुढच्या वेळी यायचं टाळतो. गडचिरोलीत बंग यांच्या संस्थेनं दवाखाना बांधताना आधी आदिवासींना विचारलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तो मोठ्या इमारतीऐवजी त्यांच्या पाड्यासारखा बांधला. दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं.

या शाखेतही धोके आहेत, आणि ते या शाखेतल्याच माणसांनी मांडले आहेत. "ही त्यांची संस्कृतीच आहे" असं अभ्यासकानं लिहिलं की सरकारला हात झटकायला कारण मिळतं. दुसरा धोका विश्वासाचा. खोपीत बाई जे सांगते ते मुकादमाच्या कानावर गेलं तर तिचं पुढच्या वर्षीचं काम जाऊ शकतं. म्हणून माणसांची आणि कधी गावांचीही नावं बदलतात, बोलण्याआधी संमती घेतात, आणि संमती दिल्यावरही "हे लिहू नका" असं ती म्हणाली तर लिहीत नाहीत. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत टोचणारी वाटते. अभ्यासक येतो, ऐकतो, पदवी मिळवून जातो, आणि वस्ती आहे तिथंच राहते. फार्मर यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसोबत संस्था काढली आणि जिथं अभ्यास केला तिथंच दवाखाने चालवले. प्रत्येकाला हे जमणार नाही. पण जे कळलं ते निदान तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यासमोर आणि ज्यांच्याकडून कळलं त्यांच्यासमोर मराठीत मांडणं, एवढं तरी प्रत्येकाला जमलं पाहिजे.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा कामातून काय बदलू शकतं, याचा विचार केला तर मला सगळ्यात आधी टोळ्याच दिसतात. आशाताईंच्या यादीत गावातली घरं असतात, हंगामापुरत्या खोप्या त्यात येतातच असं नाही. बीडला नोंद झालेली गरोदर बाई इथं आली की तिची तपासणी कुणी करायची हे ठरलेलं नसतं. आरोग्य केंद्राची ओपीडी सुरू असते तेव्हा ती फडात असते. पण पोलिओच्या मोहिमेत आरोग्य खात्याची पथकं याच खोप्यांपर्यंत जातात, म्हणजे वाट माहीत आहे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी खोप्यांजवळ तपासणी, बोलायला आडोसा आणि बाई डॉक्टर किंवा सिस्टर, गरोदर बाईचं कार्ड गावी परत जाताना तिच्या हातात, आणि थोरल्या दवाखान्यात पाठवायचं झालं तर सोबतीला जाणारं कुणीतरी. कोणती टोळी कुठल्या शिवारात उतरली आहे हे कारखान्याच्या शेती ऑफिसला आणि चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शिवारातल्या माणसाला, पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ती यादी उपकेंद्राच्या सिस्टरकडं त्याच आठवड्यात पोचली पाहिजे, आणि यादीत कोयत्यांच्या संख्येबरोबर गरोदर बायका किती, पाच वर्षांच्या आतली पोरं किती, हेही लिहिलेलं असलं पाहिजे.